शांतता आणि शांती

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईपुण्याकडील आमचे काही आप्त अचलपुरास येतात. पहिल्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेताना ते म्हणतात, "मामा, तुमचे खरेच बरे आहे, येथे किती शांतता!" दुसऱ्या दिवशीही ते असेच काही बोलतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते इकडेतिकडे पाहून विचारतात, "मामा, येथे तुमचा वेळ तरी कसा जातो?" आणि चवथ्या दिवशी परतीची गाडी केव्हा आहे ह्याची चौकशी सुरू होते.

आम्ही त्यांस हसत नाही. जी गोष्ट पहिल्या दिवशी सुख वाटली तीच तिसऱ्या दिवशी ओझे वाटावी, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु ह्या पाहुण्यांमुळे आमच्या मनात एक प्रश्न पुष्कळ दिवस घोळत राहिला, व तो आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. प्रश्न असा की, शांत गावात राहणारा मनुष्य केवळ तेथे राहिल्यामुळे शांतीने राहतो काय? आपल्या भाषेत शांतता आणि शांती हे दोन शब्द इतके जवळचे आहेत की, एकाच्या जागी दुसरा आपण सहज वापरतो. आवाज नसणे ही शांतता. ती रानातही असते, स्मशानातही असते. शांती ही निराळी वस्तू आहे. लहान गावात राहणाऱ्या आम्हां लोकांचा मोठा घोटाळा होतो तो हाच की, पहिली हाती आहे म्हणून दुसरीही आपल्या पदरी पडली असे आम्ही समजून चालतो.

ज्या वाचकांनी अचलपूर पाहिले नसेल त्यांकरिता दोन शब्द लिहितो. अमरावतीच्या वायव्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. जवळून सापन व बिच्छन ह्या नद्या वाहतात, शेजारी परतवाडा आहे, आणि त्यापलीकडे मेळघाटचे डोंगर व चिखलदऱ्याची वाट. भोवताली पऱ्हाटीची वावरे व संत्र्यांचे बगीचे आहेत. २०११ सालच्या शिरगणतीत परतवाड्यासह येथील वस्ती एक लाख बारा हजारांच्या आसपास भरली. हा आकडा एखाद्या खेड्यातील वाचकास मोठा वाटेल, परंतु मुंबईच्या एका कोपऱ्यातही ह्याहून अधिक माणसे राहतात. उन्हाळ्याच्या दुपारी येथील गल्लीत उभे राहिले तर कडुनिंबावरील कावळ्याचा शब्दही स्पष्ट ऐकू येतो.

हे गाव नेहमीच असे निवांत नव्हते. एलिचपूर ह्या नावाने ते तेराव्या शतकातही दक्षिणेत प्रसिद्ध होते. बहमनी राज्य मोडू लागले तेव्हा १४९० च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाही निघाली, आणि एलिचपूर ही तिची राजधानी झाली. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळले. मागाहून मोगल आले, निजाम आले, नवाब आले. १८०३ साली डिसेंबरात इंग्रजांनी जवळचा गाविलगड घेतला, आणि १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या हवाली झाला. पुढे एलिचपूर हे एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अमरावतीस जोडण्यात आला. १९०१ साली येथील वस्ती २६,०८२ होती. आज तटाच्या वेशी, नवाबांच्या वाड्यांचे अवशेष आणि गावाबाहेरील हौज कटोरा एवढीच त्या वैभवाची खूण राहिली आहे.

ज्या काळी ह्या वेशींतून घोडदळ जात होते त्या काळी गाव गजबजलेले होते ह्यात संशय नाही. परंतु त्या गजबजाटात वावरात राबणारा कुणबी सुखी होता काय? फौज कोणाचीही असो, कडबा त्याच्याच गंजीतून जात असे. तेव्हा गडबड म्हणजे भरभराट नव्हे, हे आमच्या गावचा इतिहासच सांगतो. आणि ती गडबड गेली म्हणून शांती आली असेही होत नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपणांस करावयाचा आहे.

प्रथम लहान गावाचे जे गुण आहेत ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजेत. येथे मनुष्य मनुष्यास ओळखतो. भाजीवाली मावशी चार दिवसांची उधारी तोंडी लक्षात ठेवते. कोणाच्या घरी आजारीपण असले तर औषधाच्या दुकानातून ती वार्ता आपोआप पसरते, व संध्याकाळी दोन माणसे तरी विचारपूस करावयास येतात. मयत झाली तर खांदा देण्यास माणसे शोधावी लागत नाहीत. मुलाने नदीवर जाऊन काही खोडी केली तर तो घरी पोहोचण्यापूर्वी त्याची हकीकत पोहोचते. मोठ्या शहरात शेजारच्या दाराआड कोण राहतो हे वर्षानुवर्षे न कळणाऱ्या लोकांस ह्या गोष्टींचे मोल अधिक कळेल.

परंतु जो डोळा आपली काळजी घेतो तोच डोळा आपणांस बांधूनही ठेवतो. लहान गावात प्रत्येकाचा आजा कोण होता हे सर्वांस ठाऊक असते, आणि नातवाने कितीही विद्या मिळवली, कितीही नेकीने संसार केला, तरी त्यास आज्याच्याच नावाने व आज्याच्याच जागेवरून मोजण्यात येते. नासरेथ हे गालीलातील असेच एक लहानसे गाव होते. तेथे आपल्या प्रभूने आयुष्याची सुमारे तीस वर्षे घालविली. त्या गावच्या लोकांस तो सुताराचा मुलगा म्हणून ठाऊक होता, त्याची आई ठाऊक होती, भाऊ ठाऊक होते. आणि इतके सर्व ठाऊक असल्यामुळेच त्यास ओळखण्यास ते चुकले. सभास्थानात त्याने चार शब्द त्यांच्या मनाविरुद्ध बोलताच तेच शांत, ओळखीचे शेजारी त्यास कड्यावरून ढकलून देण्यास उठले. ज्या वाचकांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी आपल्या गावात नवा मार्ग धरला, त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. गाव शांत होते. परंतु ज्या दिवशी त्यांनी जुन्या विहिरीवर जाऊन पाणी मागितले त्या दिवशी त्या शांततेच्या आत काय होते ते त्यांस दिसले.

आता आम्ही आमच्याच गावाकडे वळतो. येथील शांतता एकच नाही. तिचे निदान तीन प्रकार आम्हांस दिसतात, आणि त्यांपैकी एकासही शांती म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

पहिला प्रकार काम थांबल्याच्या शांततेचा. अचलपूर व मूर्तिजापूर ह्यांच्या दरम्यान विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक लहान आगगाडी धावत असे. लोक प्रेमाने तिला शकुंतला म्हणत. सुमारे शहात्तर किलोमीटरांचे अंतर तोडण्यास तिला चार तासांच्या आसपास लागत. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. मग डिझेलचे आले. वाटेतील स्टेशनांवर पुरते नोकरही नसत. गाडीबरोबरचीच माणसे तिकिटे देत, आणि रस्ता आडवा आला की गाडी थांबवून, खाली उतरून फाटक लावीत व गाडी गेल्यावर पुन्हा उघडीत. गरीब मजूर, बाजारास जाणाऱ्या बाया, शाळेची मुले, सर्वांस परवडणारी ती गाडी होती. काही वर्षांपासून ती बंद आहे. तसेच येथील फिनले कापडगिरणीची यंत्रे २०२० सालच्या टाळेबंदीत थांबली, आणि त्यानंतर पुष्कळ कामगारांस घरी बसावे लागले. पाहुण्यांस जी शांतता गोड वाटते तिच्यात ह्या न वाजणाऱ्या शिटीचा व ह्या न वाजणाऱ्या भोंग्याचाही वाटा आहे. ज्याच्या चुलीचा विस्तव त्या भोंग्यावर अवलंबून होता त्यास जाऊन विचारा, ही शांतता तुला कशी वाटते? जे निवांतपण दुसऱ्याच्या रिकाम्या हातांतून निघाले आहे त्याचा आस्वाद घेताना मनुष्याने जरा जपावे.

दुसरा प्रकार तोंड मिटल्याच्या शांततेचा. हा लहान गावाचा खास रोग आहे. येथे सर्वांस सर्व ठाऊक असते, आणि नेमके त्याचमुळे कोणी काही बोलत नाही. अमक्याच्या घरातून रात्री मारहाणीचा आवाज येतो हे गल्लीस ठाऊक आहे; सकाळी त्या बाईच्या हातावरचा वळ नळावर सर्व जणी पाहतात, आणि पाण्याच्या वेळेविषयी बोलतात. अमक्या मालकाने सालदाराचा हिशेब दिवाळी होऊन गेली तरी केला नाही हे ठाऊक आहे. परंतु मालक देवमाणूस, असे म्हणून विषय संपतो. उद्या पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच पानठेल्याजवळ, त्याच माणसाशी गाठ पडावयाची आहे, मग कशास वाईट व्हावे? शहरात मनुष्य शेजाऱ्यास ओळखत नाही म्हणून गप्प बसतो. गावात तो त्यास फार ओळखतो म्हणून गप्प बसतो. जिच्यावर बेतते तिला ह्या दोहोंत काही अंतर दिसत नाही.

ह्या मौनाचे फळ वऱ्हाडाने फार कडू चाखले आहे. कपाशीचे पीक बुडाले, कर्ज वाढले, आणि शेतकरी हळूहळू बोलेनासा झाला. तो चावडीवर येईनासा झाला, बाजारात मागल्या वाटेने जाऊ लागला. लोक म्हणाले, स्वभावच शांत आहे त्याचा. मग एके दिवशी सकाळी रडण्याचा आवाज आला. अशी घरे इतकी झाली की २००६ साली पंतप्रधानांस स्वतः विदर्भात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांकरिता मदतीची योजना जाहीर करावी लागली. कर्ज, पाऊस, बाजारभाव ही कारणे मोठी आहेत, व त्यांचा उपाय एका शेजाऱ्याच्या हाती नाही हे आम्ही जाणतो. परंतु त्या घराच्या भिंतीस भिंत लागून राहणाऱ्या आम्हांस एक प्रश्न चुकवता येत नाही: तो बोलेनासा झाला तेव्हा आपण त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो होतो काय? "भाऊ, दोन दिवस दिसला नाहीस, काय झाले?" एवढे शब्द बोलावयास पैसा लागत नव्हता.

ह्याच मौनाची आणखी एक जुनी तऱ्हा आहे. जे दुःख पाहवत नाही ते वेशीबाहेर नेऊन ठेवावे, म्हणजे गाव शांत. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत आपल्या देशाने हेच केले. निराधार कुष्ठरोग्यास पकडून वेगळे ठेवण्याचा अधिकार देणारा कायदा १८९८ साली झाला, आणि तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. पतीस किंवा पत्नीस हा रोग आहे एवढ्यावरून काडीमोड मिळण्याची तरतूदही २०१९ पर्यंत विवाहाच्या कायद्यांत होती. वस्तुतः १९८० नंतरच्या काळात संयुक्त औषधोपचार निघाल्यापासून हा रोग सहा महिन्यांत ते वर्षात बरा होतो, व वेळेवर औषध सुरू झाले तर हातापायांस व्यंगही येत नाही. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांकरिता मिशनचे रुग्णालय शतकाहून अधिक काळ चालत आले आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या कोणीतरी सकाळी उठून दुसऱ्याच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. ते कामही शांतपणेच चालते. परंतु ज्या गावाने त्या रोग्यास बाहेर काढून शांतता मिळवली त्या गावाची शांतता, आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन जखम धुणाऱ्याची शांतता, ह्या दोन वस्तू एक नव्हेत हे लहान मुलासही कळेल.

तिसरा प्रकार भीतीच्या शांततेचा. दुल्हा दरवाजा ही आमच्या गावची जुनी वेस. सणावारी तिच्यावर निरनिराळ्या धर्मांचे झेंडे लावण्याचा येथे प्रघात होता, व तो पुष्कळ वर्षे सुरळीत चालला. १७ एप्रिल २०२२ च्या रात्री ह्याच ठिकाणी झेंड्यावरून वाद पेटला, दोन्हीकडून दगड सुटले, आणि शहरात संचारबंदी लागली. दोष कोणाचा ह्याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या पुढच्या शांततेविषयी. संचारबंदी म्हणजे गल्लीत माणूस नाही, दुकान उघडे नाही, सायकलची घंटी नाही. आमच्या पाहुण्यांनी त्या दिवशी येऊन केवळ कान दिला असता तर, गाव किती शांत, असेच ते म्हणाले असते. परंतु प्रत्येक दाराच्या मागे कोणीतरी कडी हाताने धरून उभे होते. ज्या काकांस आपण रोज सलाम करतो, ज्या भाभींकडून ईदेस शिरखुर्मा येतो व ज्यांच्याकडे दिवाळीस फराळ जातो, त्यांच्या घराकडे पाहताना ज्या शांततेत मनुष्यास धडकी भरते, ती शांतता काय कामाची?

जर्मनीतील तत्त्ववेत्ता कान्ट ह्याने १७९५ साली राष्ट्राराष्ट्रांतील कायमच्या शांतीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी त्याने एका डच खानावळवाल्याच्या पाटीची गोष्ट दिली आहे. त्या पाटीवर, शाश्वत शांती, अशी अक्षरे होती, आणि खाली चित्र होते ते कबरस्तानाचे! खानावळवाला थट्टेखोर असावा. परंतु कान्टास त्या थट्टेतच विचाराचे बीज सापडले. जेथे कोणी उरले नाही, किंवा जे उरले ते बोलू शकत नाहीत, तेथील शांतता मिळविण्यास कोणताच सद्गुण लागत नाही. जिवंत माणसे एकत्र राहत असता, प्रत्येकाची गरज निराळी, मत निराळे, स्वभाव निराळा असता जी शांती नांदते तीच अवघड, व तीच मिळविण्याजोगी. कान्टाचा विचार राष्ट्रांचा होता, पण ही गोष्ट राष्ट्रास जशी लागू आहे तशीच एका गल्लीसही लागू आहे असे आम्हांस वाटते.

येथे कोणी वाचक म्हणेल, "तुमचे म्हणणे ऐकले तर प्रत्येकाने प्रत्येकाच्या घरात नाक खुपसावे असे होईल. लहान गावात आधीच चहाड्या थोड्या आहेत काय? तोंड उघडल्यानेच तर भांडणे होतात." ही शंका खरी आहे, व तिला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. बोलणे नेहमी चांगले व गप्प बसणे नेहमी वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न का मोडले हे ठाऊक असून जो ते कोणास सांगत नाही तो मनुष्य थोर आहे. तेव्हा कोणते मौन चांगले व कोणते वाईट हे ओळखण्याची एखादी सोपी खूण असावयास पाहिजे. आम्ही आमच्यापुरती एक खूण ठरविली आहे. गप्प बसताना आपल्या मनास विचारावे की, माझ्या ह्या मौनाचा लाभ कोणास होतो? ज्याची अब्रू किंवा ज्याचे दुःख आपण झाकतो त्यास लाभ होत असेल तर ते मौन प्रीतीचे आहे. ते जन्मभर पाळावे. अन्याय करणाऱ्यास लाभ होत असेल तर त्या अन्यायात आपला भाग आहे. आणि केवळ माझ्या स्वतःच्या झोपेस, माझ्या उधारीस, माझ्या मानास लाभ होत असेल तर ते भित्रेपण आहे, त्यास शांत स्वभाव हे गोंडस नाव देऊ नये.

बोलावयाचे ठरले तर ते कोणाशी, ह्याचाही विचार हवा. चहाडी पाठीमागे होते, साक्ष समोर होते. ज्याने चूक केली त्याच्याशी प्रथम एकांतात बोलावे. सालदाराचे पैसे अडले असतील तर पानठेल्यावर मालकाची निंदा करून सालदाराच्या पदरी काय पडणार? मालकाच्याच ओसरीवर जाऊन, "अण्णा, त्याचा हिशेब राहिला आहे, मुलांची शाळा सुरू झाली," असे नम्रपणे म्हणावे. न ऐकल्यास दोन शहाण्या माणसांस बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास कायदा आहे. आणि घरात मारहाण होत असेल तेथे तर वाटच पाहू नये; प्रथम त्या बाईस व लेकरांस सुरक्षित जागी आणावे, मग बाकीचे बोलणे. हा क्रम कठीण नाही. कठीण आहे ते पहिले पाऊल टाकणे.

झेंड्याच्या त्या रात्रीवरूनही आम्ही एवढेच शिकलो. दगड उचलणारे हात थोडे असतात; त्यांस वेळेवर धरणारे हात त्याहून थोडे असतात; आणि खिडकीतून पाहणारे सर्व गाव असते. ज्या गल्लीत निरनिराळ्या धर्मांची माणसे एकमेकांच्या मयतीस व लग्नास जात आली आहेत त्या गल्लीत अफवा आली तर तिला तोंडावर विचारता येते, "तू हे स्वतः पाहिलेस काय?" जेथे वर्षभर बोलणेच नाही तेथे त्या रात्री एकाएकी बोलावयाचे कसे? शांतीची पेरणी दंगलीच्या दिवशी करता येत नाही. ती आधीच्या साध्या, कंटाळवाण्या, निवांत दिवसांत करून ठेवावी लागते. लहान गावाने आपणांस असे दिवस भरपूर दिले आहेत. हीच त्याची मोठी देणगी, आणि हीच त्याने आपणांवर टाकलेली जबाबदारी.

ह्या ठिकाणी आम्हांस शकुंतला गाडीवरील त्या माणसाची आठवण होते. फाटकाशी गाडी थांबली की तो खाली उतरे. एका बाजूस बंड्या व माणसे, दुसऱ्या बाजूस गाडी. दोहोंसही जावयाचे आहे. तो फाटक लावी, गाडी पुढे घेववी, पुन्हा फाटक उघडी, आणि धावत येऊन आपल्या डब्यात चढे. कोणी त्याचे नाव विचारले नसेल. तो उतरला नसता तर रस्त्यावर काय झाले असते हे सांगावयास नको. गावातील शांतीही अशाच माणसांवर चालते. आपली बसलेली जागा सोडून खाली उतरणारा कोणी तरी लागतो. शास्त्रात शांती आवडणाऱ्यांस नव्हे, ती करणाऱ्यांस धन्य म्हटले आहे, ह्यातील मर्म आमच्या मते हेच. शांती आवडत नाही असा मनुष्य कोठे आहे? उतरणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

खेड्यापाड्यांतून राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस, विशेषेकरून उपदेशक व शिक्षक ह्यांस, आमची विनंती आहे की, आपले गाव लहान व आपले काम लोकांच्या डोळ्यांत न भरणारे आहे म्हणून खिन्न होऊ नये. कान्ट आपले सर्व आयुष्य एकाच गावी व त्याच्या आसपास राहिला. नासरेथची गोष्ट तर आपण पाहिलीच. मनुष्याचे मन मोठे होण्यास मोठे शहर लागत नाही. परंतु गाव शांत आहे म्हणून आपले काम झाले असेही समजू नये. ह्या आठवड्यात एवढेच करून पाहावे: आपल्या गल्लीत जे घर अलीकडे फार शांत झाले आहे, त्या घरी जाऊन थोडा वेळ बसावे. उपदेश करू नये, पत्रके नेऊ नयेत. चहा दिला तर घ्यावा, नाही दिला तर पाणी मागावे. ते बोलू लागले तर ऐकावे.

आमचे पाहुणे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतील, पहिल्या दिवशी शांततेची स्तुती करतील, व तिसऱ्या दिवशी वेळ कसा जातो हे विचारतील. आजपर्यंत आम्ही ह्या प्रश्नास हसून काही तरी उत्तर देत असू. आता त्यांस सांगू की, "बाबा, चल आमच्याबरोबर, चार घरी जाऊन येऊ, मग आम्हांस वेळ पुरतो की नाही ते तूच सांग."